गव्हांड्याचा ढीग

"म्हशी मारायच्याच असतील त विहिरीत लोटून दे. युरिया कायले पाह्यजे?"

गोविंदा हे बोलला तेव्हा सत्यशीला अंगणात उकिडवी बसून तराजूत युरिया मोजत होती. तिनं मान वर केली नाही. पारड्याबाहेर सांडलेले दाणे तिनं बोटानं टिपले आणि परत पारड्यात टाकले.

"शंभर किलोले चार किलो," ती म्हणाली. "पाच नाही, साडेचार नाही. चार."

"आन् चुकली त?"

"म्हणून त मोजून राह्यली."

गोविंदानं दुधाची कॅन मोटारसायकलीला अडकवली आणि ढाणकीच्या रस्त्याला लागला. त्याची सासुरवाडी, त्याचं गाव, त्याचे मित्र सगळे शेतकरी किंवा शेतमजूर. युरिया पिकाला टाकतात आणि त्याचं पोतं जनावरापासून दूर ठेवतात, एवढं त्याला लहानपणापासून माहीत होतं. युरियाच्या पाण्याच्या बादलीत तोंड घातलेली शेळी तडफडून मेलेली त्यानं स्वतः पाहिली होती.

पिंपळदऱ्यात पूर्वी घरोघर ज्वारी पेरायचे तेव्हा कडब्याची ददात नव्हती. आता जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन नाहीतर कपाशी. यंदा काढणीच्या ऐन वेळी पाणी पडलं आणि सोयाबीनचं कुटार, म्हशींना घालायचा शेंगांचा भुसा, भिजून काळं झालं. त्याला बुरशी चढली. होळीपर्यंत सत्यशीलेच्या भुऱ्या म्हशीच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या. दोन्ही वेळचं मिळून दूध तीन लिटरवर आलं. दुसरी म्हैस गाभण होती, ती उठायला गेली की मागच्या पायांवर एकदा टेकायची आणि मग उठायची. घरचं वावर दीड एकर, तेही कोरडवाहू. वर्षभर चूल पेटायची ती या दोन म्हशींच्या जिवावर.

उमरखेडला बचतगटाच्या बायकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथं सत्यशीला हे शिकून आली होती. गव्हाचा गव्हांडा, मळणीनंतर उरलेला भुसा, जनावर खात नाही, खाल्ला तरी अंगी लागत नाही. पण युरियाचं पाणी शिंपडून, दाबून, हवा न लागू देता एकवीस दिवस झाकून ठेवला तर तो मऊ पडतो आणि त्यात कस येतो. शिकवणारी दीपाताई म्हणाली होती, "माप चुकलं तर विष आहे. माप बरोबर असेल तर वैरण आहे." सत्यशीलेनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

गव्हांडा मिळाला पुंडलिकरावांच्या वावरातून. गावात विहिरीच्या पाण्यावर गहू काढणारे तेच. दरसाल थ्रेशरनं टाकलेला गव्हांडा ते वावराच्या कडेला धुऱ्यावर पेटवून द्यायचे. सत्यशीला विचारायला गेली तेव्हा ते फोनवर बोलत होते. त्यांनी हातानंच 'ने' म्हटलं. त्यांच्या बायकोनं, इंदुताईनं, मात्र विचारलं होतं, "एवढा गव्हांडा काय करतं वं?"

"म्हशीले चारतो, ताई."

"आमचे बैल त हुंगतबी नाहीत त्याले."

चार दिवस सत्यशीला आणि गोविंदानं धोतराच्या गाठोड्यांत भरून गव्हांडा वाहून आणला. तेव्हा गोविंदानं कुरकुर केली नव्हती. त्याला वाटलं होतं, मीठ-गुळाचं पाणी मारून चारायचा असेल. युरियाचं पोतं दिसलं तेव्हा तो बिथरला.

आता ती एकटीच उरली. सासू, कोकिळाबाई, ओट्यावर बसून पाहत होती. सत्यशीलेनं ताडपत्री अंथरली, तिच्यावर शंभर किलो गव्हांडा पसरला, चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात ढवळला आणि झारीनं शिंपडत गेली. मग वर चढून पायांनी तुडवला. परत थर, परत पाणी, परत तुडवणं. गव्हांड्याची कुसं पोटऱ्यांत रुतली, मानेत गेली. टाचांच्या भेगांत युरियाचं पाणी शिरलं तेव्हा तिनं दात आवळले. पाचवा थर झाला तेव्हा उन्हं कलली होती. तिनं वरून दुसरी ताडपत्री घातली, कडा मातीनं लिंपल्या, कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग बादल्या आणि झारी तीन-तीन वेळा धुऊन पालथ्या घातल्या.

तिच्या अंगणामागं काट्याचं कुंपण होतं आणि पलीकडं पुंडलिकरावांचा गोठा. तिथला सालगडी बाबाराव कुंपणाशी उभा राहून हे सगळं पाहत होता.

"वावराचं खत जनावराले चारतं का वं?" तो म्हणाला. "मंग म्हैस दूध देते का कणसं?"

सत्यशीलेनं पालथ्या बादल्या उचलून भिंतीशी लावल्या. बाबाराव हसत गेला आणि सांजेपर्यंत ती गोष्ट गावभर झाली.

गावभर झाली ती तशीच्या तशी राहिली नाही. चौथ्या दिवशी गोविंदा ढाणकीला भगवानरावांच्या हॉटेलात दूध घालायला गेला. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. भगवानरावांनी कॅनचं झाकण उघडून नाक खाली नेलं, बोट बुडवून चाटलं.

"गोविंदा, एक विचारू का?"

"विचारा ना."

"लोकं म्हणून राह्यले, तुह्या घरी युरियाचं दूध बनते."

हॉटेलात चहा पिणारे सहा-सात जण होते. सगळ्यांचे कप थांबले. युरियाचं दूध म्हणजे काय ते मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं होतं. तेल, साबणाची पावडर, युरिया असं काहीबाही मिसळून पांढरं पाणी करतात ते.

"दुधात नाही हो," गोविंदा म्हणाला. "बायकोनं वैरणीले लावला. अजून त चारलाबी नाही."

"म्हणजे घरात हाये ना युरिया?"

"कोणत्या शेतकऱ्याच्या घरात नाही?"

कोणीतरी हसलं. भगवानरावांनी झाकण लावलं आणि कॅन हलकेच गोविंदाकडं सरकवली. "राग नको मानू. माह्या हॉटेलाचा सवाल हाये. काही दिस राहू दे."

गोविंदानं ते दूध डेअरीच्या संकलन केंद्रावर नेलं. तिथं मशीनवर नमुना लावला. केंद्रावरच्या पोरीनं पावती दिली, दूध शुद्ध निघालं. पण ती पावती तो कोणाला दाखवणार होता? घरी येऊन त्यानं कॅन ओट्यावर आदळली.

"सहा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. आता तुह्या ढिगाले उदबत्ती लाव."

सत्यशीलेनं कॅन उचलली आणि धुवायला नेली. घासताना तिचे डोळे भरून आले, पण तिनं हात थांबवला नाही.

एकवीस दिवस तिनं भिंतीवर कोळशानं रेघा मारून मोजले. बाविसाव्या दिवशी सकाळी एका बाजूची माती उकरून ताडपत्री उचलली. आतून असा दर्प आला की ती चार पावलं मागं सरली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कोकिळाबाई ओट्यावरून ओरडली, "माय वं! हे जनावराले चारतं?"

"हवा लागली की जाते वास, आत्याबाई."

पिवळा गव्हांडा विटकरी झाला होता. मुठीत दाबला तर कापसासारखा दबत होता, टोचत नव्हता. तिनं टोपलंभर काढून सावलीत पसरला, ढीग परत नीट झाकला. दुपारनंतर वास उतरला तेव्हा भुरीपुढं टाकला. भुरीनं हुंगलं, नाकपुड्या फेंदारल्या आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सत्यशीलेनं त्यात मूठभर सरकीची ढेप कालवली. भुरीनं आधी ढेप चाटली, मग एक घास ओढला, मग दुसरा.

गोविंदा त्या दिवशी कुठं गेला नाही. गोठ्याच्या दारात बसून राहिला. भुरीनं शेपटी हलवली की उठायचा, तोंडाला फेस येतो का ते पाहायचा, पोटावर कान लावायचा. अंधार पडताना म्हैस निवांत रवंथ करत बसली, तेव्हा तो उठून हात झटकत आत गेला. पण दुसऱ्या दिवशीही त्यानं त्या ढिगाला हात लावला नाही. वैरण काढायची ती सत्यशीलेनं, टाकायची ती सत्यशीलेनं.

दोन आठवड्यांत भुरीच्या पाठीवर तकाकी आली. दूध साडेचार लिटरवर गेलं. गाभण म्हैस एका झटक्यात उठू लागली. एकदा इंदुताई कुंपणापलीकडं शेण भरता भरता थांबली. पाटी डोक्यावर, नजर भुरीच्या पुठ्ठ्यावर.

"अंग भरलं वं म्हशीचं."

"हो, ताई."

"खरंच त्याच्यानं?"

सत्यशीला सांगायला पुढं झाली तोवर गोठ्यातून पुंडलिकरावांचा आवाज आला आणि इंदुताई लगबगीनं निघून गेली.

त्याच सुमारास अवकाळी पाऊस आला. दोन दिवस जोरात पडला आणि मग परत ऊन तापलं. पाऊस उघडल्यावर आठवड्याभरानं सत्यशीलेच्या एक गोष्ट ध्यानात आली. ढिगाच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यावरचा दगड तिनं ठेवला तसा नव्हता. ती दगडाची चपटी बाजू खाली ठेवायची. ती वर होती.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, कुत्र्यानं पाडला असेल. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीची कड आत दुमडलेली होती. ती बाहेर दुमडायची. तिनं कड उचलून पाहिलं. आतला गव्हांडा कुणीतरी हातानं ओरबाडून नेला होता.

तिला चोरीची भीती वाटली नाही. गव्हांडा कोण चोरणार? ज्या वैरणीला सगळं गाव विष म्हणतं ती? तिच्या मनात दुसरंच आलं. काढून नेल्यासारखं दाखवून कुणी वरून आणखी युरिया टाकला असेल तर? एक म्हैस मेली की गावाचं म्हणणं खरं. तिनं त्या कोपऱ्यातला गव्हांडा मुठी-मुठीनं उन्हात पसरला, पांढरा दाणा दिसतो का ते पाहिलं, जिभेला लावून पाहिला. काही सापडलं नाही. तरी त्या कोपऱ्यातला तिनं उकिरड्यावर टाकला.

मग संशय घरात शिरला. गोविंदाच रोज थोडा काढून फेकत असेल, ढीग लवकर संपावा म्हणून? तो जेवताना तिनं सहज विचारलं, "ढिगाचा दगड तुम्ही हालवला का?"

"माह्या बापानं हात लावला नसता त्या ढिगाले," तो म्हणाला. मग थांबून त्यानं विचारलं, "काहून? काय झालं?"

"काही नाही."

आता तोही तिच्याकडं संशयानं पाहू लागला.

तिनं दिवेलागणीच्या वेळी कोपऱ्याभोवती चुलीतली राख पसरली. पहाटे पाहिलं तर राखेत पाऊल. अनवाणी, आखूड, बाईमाणसाचं. घरात बायका दोनच. सकाळी कोकिळाबाई न्हाणीतून ओल्या पायांनी ओट्यावर आली, तेव्हा सत्यशीलेनं फरशीवर उमटलेलं पाऊल पाहिलं. म्हातारीचा अंगठा वाकडा होता, राखेतला सरळ.

"काय पाह्यतं वं माह्या पायाले?" कोकिळाबाईनं विचारलं.

सत्यशीला शरमली. "काही नाही, आत्याबाई. घसरान म्हणून पाह्यलं."

त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी पुंडलिकरावांचा बैल मेला.

अर्ध्या घंट्यात सगळं आटोपलं. विहिरीवरून येता येता बैल लडखडला, तोंडाला फेस आला, खाली पडून पाय झाडू लागला. ढाणकीहून जनावरांचे डॉक्टर येईस्तोवर तो थंड पडला होता. जोडीतला मोठा, पांढरा, सहा दाती बैल. पेरणी महिन्यावर आली होती.

सत्यशीला लाकडं फोडत होती. आधी तिला आवाज ऐकू आले, मग अंगणात माणसं दिसली. पुढं पुंडलिकराव. सदऱ्याची बटणं उघडी, डोळे लाल.

"कुठी हाये तुहं औषध?" ते म्हणाले.

"काय झालं, भाऊ?"

"माहा बैल मारला तू. कुंपणातून तोंड घातलं त्यानं तुह्या ढिगात." त्यांनी पायानं ताडपत्रीचा कोपरा उचलला. कोपरा ओरबाडलेलाच होता. "हे पाहा! हे पाहा सगळे!"

"भाऊ, हा कोपरा आठ दिसापासून—"

"आठ दिसापासून? म्हणजे तुले माहीत होतं! आन् तू गप्प राह्यली?"

जे खरं होतं तेच तिच्यावर उलटलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "पेटवा हे." एकानं खिशातून काडेपेटी काढलीसुद्धा. दुसरा म्हणाला, "पोलीस पाटलाले बलवा पह्यले, मंग पेटवा." बायका कुंपणाशी गोळा झाल्या होत्या. त्यांच्यात इंदुताई होती, पदर तोंडावर धरून.

पुंडलिकराव गोविंदाकडं वळले. "तू काय म्हणतं, गोविंदा? का बायकोपुढं तुहं काही चालत नाही?"

गोविंदा दारात उभा होता. सगळे त्याच्याकडं पाहत होते. त्यानं घसा खाकरला.

"मी तिले पह्यलेच म्हटलं होतं," तो म्हणाला. "आयकते का ती?"

सत्यशीलेनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं नजर खाली घातली. तिनं कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि काडेपेटीवाल्याला म्हणाली, "पेटव. पण बैल फाडल्यावर. पोटात काय निघते ते मलेबी पाहू दे."

बाभळीखाली डॉक्टरांनी बैल फाडला. इंद्रजित त्यांचं नाव, नोकरीला नुकतेच लागलेले, हातात कोपरापर्यंत मोजे. माणसं नाकाला रुमाल लावून गोल उभी राहिली. पोट उघडल्यावर डॉक्टरांनी वाकून हुंगलं आणि हात घालून मूठभर ऐवज बाहेर काढला. हिरवी पानं, अर्धवट चावलेली. आणि खाली विटकरी गव्हांडा.

"निघाला!" पुंडलिकराव ओरडले. "निघाला का नाही?"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "ही पानं ज्वारीची आहेत. फुटव्याची, कोवळी. रक्त बघा किती लालभडक आहे. युरियानं मेला असता तर पोट फुगलं असतं आणि उघडल्याबरोबर नाक झोंबलं असतं. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. बैल त्यानंच गेला, असं मला वाटतं."

"वाटते म्हणजे?" गर्दीतून आवाज आला. "आन् गव्हांडा काय हवेतून आला पोटात?"

डॉक्टरांनी मुठीतला ऐवज परत पाहिला. "तो किती खाल्ला, कसा खाल्ला ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

परत कुजबुज सुरू झाली. दोन्ही मिळून मारलं असेल. डॉक्टर तिच्या बाजूचा असेल. प्रशिक्षण देणारे आणि हे, सगळे एकच.

सत्यशीला पुढं आली. "डॉक्टरसाहेब, हा गव्हांडा आजचा हाये का रोजचा?"

डॉक्टरांनी परत हात घातला, आतपर्यंत नेला. "रोजचा. सगळीकडं हाच आहे. पाच-सहा दिवस तरी पोटभर मिळतोय याला."

"पोटभर?"

"हो. कुंपणातून तोंड घालून एवढा जात नाही."

सत्यशीला वळली आणि चालू लागली. कुणाला कळेना कुठं चालली. ती पुंडलिकरावांच्या गोठ्याच्या दारात पोचली तेव्हा बाबाराव आडवा झाला. "अंदर नको जाऊ वं. मालकाले चालत नाही."

आजवर त्या दारातून ती आत गेली नव्हती. शेण काढायला कधी बोलावलं तरी मागच्या फाटकातून. तिनं बाबारावला हातानं बाजूला सारलं, आत शिरली आणि बैलांच्या गव्हाणीत हात घातला. वर सोयाबीनचं काळं कुटार होतं. तिनं ते खरवडून दूर केलं. खालून विटकरी, मऊ गव्हांडा निघाला. अजून त्याला किंचित वास होता.

तिनं दोन्ही मुठी भरल्या आणि दारात येऊन पुंडलिकरावांपुढं धरल्या.

"हा माह्या घरचा हाये, भाऊ. तुमच्या गव्हाणीत कोणं आणला?"

पुंडलिकरावांनी बाबारावकडं पाहिलं. बाबाराव हात जोडून म्हणाला, "म्या नाही, मालक. देवाशपथ म्या नाही."

मग बायकांच्या मागून इंदुताईचा आवाज आला, इतका बारीक की पुढच्यांना मागं वळावं लागलं.

"म्या आणला."

"काय?"

"म्या आणला," ती म्हणाली. पदर तोंडावरून निघाला होता. "दहा दिस झाले. बैल वाळून राह्यले होते. तुमाले दोनदा म्हटलं, कडबा आणा. तुमी फोनवर. तिची म्हैस रोज डोळ्यापुढं भरून राह्यली होती. मागाची लाज वाटली मले. तुमी म्हटलं असतं, त्यांच्या घरून वैरण मागतं का? म्हणून पहाटेच्या टायमाले नेत होती. दोन्ही बैलाले चारला. दुसऱ्याले काय झालं? तो उभा हाये ना तिथी."

दुसरा बैल खुंट्याला उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं कान हलवून माशी उडवली.

डॉक्टर मोजे काढत विचारत होते, "मग ज्वारी कुठं खाल्ली यानं?"

आता बाबाराव खाली बसला. पाण्याला सोडलेले बैल विहिरीमागं घरच्या भाकरीपुरती पेरून कापलेल्या ज्वारीच्या धसकटात गेले होते, अवकाळीनं तिथं गुडघाभर फुटवा आला होता. तो झाडाखाली डोळा लागून पडला होता. दुसऱ्याला त्यानं लवकर हाकललं, पांढरा आत घुसला होता.

पुंडलिकरावांच्या तोंडाचा रंग उडाला. ते एकदा बायकोकडं, एकदा गड्याकडं पाहत राहिले. सत्यशीला मुठी तशाच धरून उभी होती. ते तिला काही तरी बोलतील म्हणून ती थांबली. ते बाबारावला म्हणाले, "गड्डा खोद." आणि बायकोला म्हणाले, "घरी चाल."

माणसं पांगली. जाता जाता एक जण म्हणाला, "तरीबी बाप्पा, युरिया तो युरियाच."

त्या रात्री सत्यशीलेनं गोविंदाला जेवायला वाढलं आणि सासूजवळ जाऊन झोपली. सकाळी ती उठली तेव्हा अंगणात गव्हांडा पसरलेला होता. गोविंदा ढिगाशी वाकून कोपऱ्यावर दगड ठेवत होता. डोळे चोळत होता, दर्पानं की कशानं ते त्याचं त्याला ठाऊक.

"पाच किलो काढला," तो म्हणाला. "बरोबर हाये का?"

"सहा लागते," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

चार दिवसांनी इंदुताई आली. या वेळी कुंपणातून नाही, पुढच्या दारानं. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"तू नेऊन उरलेला गव्हांडा यंदा पेटवला नाही, गोठ्यात पडला हाये अजून," ती म्हणाली. "करून देतं का?"

"नाही, ताई."

इंदुताई खाली पाहू लागली.

"सांगतो सगळं," सत्यशीला म्हणाली. "पण तुमच्या ढिगाले माहा हात लागणार नाही. युरिया तुमी मोजाचा, पाणी तुमी शिंपडाचं, तुडवाचा तुमी. उद्या एखादं वासरू मेलं त कोणी माहं नाव घ्याले नको."

"मी नाही म्हणणार वं."

"त्या दिशीबी तुमी काही म्हणत नव्हत्या, ताई. गप्प होत्या. काडेपेटी निघाली तरी गप्प होत्या."

इंदुताईनं मान हलवली. पुंडलिकरावांच्या खळ्यात तो ढीग झाला. सत्यशीला दहा हात लांब धुऱ्यावर बसली आणि तिथूनच सांगत राहिली. मोठ्या घरच्या बाईनं लुगडं खोचून युरिया मोजला, झारी उचलली, गव्हांडा तुडवला. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्या रक्ताळल्या. "जोरात तुडवा," सत्यशीला म्हणाली, "हवा राह्यली त सडते." दया आली होती तिला. पण ती उठली नाही. खाटेवर बसून पुंडलिकराव सगळं पाहत होते. तिचा एक शब्द त्यांना पटत होता आणि पुढचा पटत नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मे सरत आला तेव्हा तो ढीग उघडायचा दिवस आला. दुपारपर्यंत हवा लागू दिल्यावर वास उतरला. आठ-दहा माणसं आपोआप जमली होती. उरलेला बैल खळ्यात आणून बांधला. इंदुताईनं टोपलं भरलं आणि ती बैलाकडं निघाली.

"थांब," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी सत्यशीलेकडं पाहिलं. "आधी तुही म्हैस आण. तिनं खाल्ला की मंग माहा बैल."

जमलेल्यांना ते रास्त वाटलं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. गोविंदा म्हैस आणायला वळलाही.

"नाही," सत्यशीला म्हणाली.

"काहून? तुह्या मापावर तुहाच भरोसा नाही?"

"माह्या मापावर हाये. तुमच्या ढिगावर नाही. एकवीस दिस तो तुमच्या खळ्यात होता, भाऊ. मंधात कोणं काय ओतलं, मले काय माहीत?"

कोणीतरी हसू दाबलं. पुंडलिकरावांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. ते खाटेवरून उठले तेव्हा गोविंदा दोन पावलं पुढं सरकून बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

पुंडलिकरावांनी त्या दोघांकडं पाहिलंच नाही. त्यांनी इंदुताईच्या हातातलं टोपलं घेतलं, बैलापुढं नेऊन उपडं केलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभे राहिले. बैलानं हुंगायलाही वेळ लावला नाही. तो खाऊ लागला.

कोणी घरी गेलं नाही. सगळे बैलाच्या तोंडाकडं पाहत होते, कुठं फेस येतो का, कुठं पाय थरथरतो का. बैल खात होता आणि मध्येच मान वर करून एवढी माणसं कशाला जमली ते पाहत होता.

"चला," सत्यशीला गोविंदाला म्हणाली. "धाराची वेळ झाली."

ती दोघं खळ्याबाहेर पडली तरी बाकीचे तसेच उभे होते.